नित्य प्रवाशांचे जंक्शन : जळगाव

खानदेशात 'अपडाऊन' हा शब्द मराठीच मानला जातो. अमुक एक जण कोठे राहतो, या प्रश्नाचे उत्तर येथे बहुधा दोन गावांच्या नावांनी दिले जाते : घर भुसावळला, नोकरी जळगावला, घर पाचोऱ्याला, महाविद्यालय जळगावला, घर अमळनेरला, दुकानातील काम जळगावला. या दोन गावांना जोडणारा धागा म्हणजे लोहमार्ग, आणि त्या धाग्याची गाठ म्हणजे जळगाव जंक्शन. मुंबईच्या उपनगरी गाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु महानगरापासून चारशे किलोमीटरवर, उपनगरी सेवा असे कोणतेही नाव नसताना, शेकडो कुटुंबांचा संसार रोजच्या गाडीवर चालतो, याची जाणीव जिल्ह्याबाहेर फारशी नाही. हे स्थानक कसे घडले, त्याचे कार्य कसे चालते आणि नित्य प्रवाशाच्या अडचणी कोणत्या कारणांनी निर्माण होतात, हे समजून घेणे त्यामुळे उपयुक्त ठरेल.

कापसाच्या मागे आलेली आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आपला मार्ग ईशान्येकडे वाढविण्यास प्रारंभ केला. कसाऱ्याचा थळ घाट हा या मार्गातील सर्वांत अवघड टप्पा होता. १८६५ मध्ये हा घाट गाड्यांना खुला झाला आणि खानदेशचा पठारी प्रदेश मुंबई बंदराशी सलग जोडला गेला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये जबलपूरपर्यंत मार्ग पूर्ण झाला. नागपूर आणि जबलपूर या दोन दिशा जेथे वेगळ्या होतात, ते भुसावळ पाहता पाहता रेल्वेचे नगर बनले.

हाच काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. काळ्या जमिनीच्या खानदेशात कापसाला अपूर्व भाव आला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आली. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशचे धुळे असे ठरले. कचेऱ्या, न्यायालये, शाळा व दवाखाने जेथे आले, तेथे रोज ये-जा करणारा मनुष्यही ओघानेच आला. मालाच्या सोयीसाठी आलेल्या गाडीला अशा रीतीने नित्य प्रवासी लाभला.

दोन मार्गांचे मीलन

जळगावला जंक्शनचे स्थान मिळवून दिले ते ताप्ती खोऱ्यातील मार्गाने. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा या गावांवरून अमळनेरपर्यंत येणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि अमळनेर-जळगाव या जोडमार्गाने तो मुंबई-भुसावळ मार्गाला येऊन मिळाला. आज मुंबई-भुसावळ मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे, तर सुरतकडील मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडतो. प्रवाशाच्या दृष्टीने स्थानक एकच असले, तरी त्याच्या दोन अंगांचे व्यवस्थापन दोन वेगळ्या रेल्वेंकडे आहे. गाड्यांची वेळापत्रके एकमेकांशी जुळविण्याचा प्रश्न यामुळे केवळ एका अधिकाऱ्याच्या टेबलावर सुटत नाही.

जळगावहून तीन दिशांना नित्य प्रवासी पांगतात. पूर्वेला भादलीवरून भुसावळ हे सुमारे २४ किलोमीटरवर आहे. नैऋत्येला शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी अशी एकेक गावे घेत मार्ग चाळीसगावला पोहोचतो. हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. पश्चिमेला पाळधी, धरणगाव व अमळनेर ही स्थानके असून अमळनेर ५० किलोमीटरहून थोडे अधिक दूर आहे. या तिन्ही दिशांनी सकाळी माणसे जळगावकडे येतात आणि सायंकाळी परततात. भुसावळच्या दिशेने मात्र उलटा ओघही तेवढाच आहे. रेल्वेची कार्यालये व कार्यशाळा, भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे जळगावकरही भुसावळकडे कामाला जातात. सकाळी एकाच फलाटावर येणारे आणि जाणारे समोरासमोर उभे असलेले दिसतात, ते यामुळेच.

'अप' कोणती आणि 'डाऊन' कोणती?

'अपडाऊन' हा शब्द रेल्वेच्या परिभाषेतून आला आहे. मुख्यालयाच्या दिशेने जाणाऱ्या गाडीला 'अप' आणि तेथून दूर जाणाऱ्या गाडीला 'डाऊन' म्हणण्याची रूढी आहे. मध्य रेल्वेच्या या मार्गावर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि भुसावळकडे जाणारी 'डाऊन' ठरते. भुसावळचा कारकून सकाळी अप गाडीने जळगावला येतो व सायंकाळी डाऊन गाडीने परततो. पाचोऱ्याच्या विद्यार्थ्याचा क्रम याच्या बरोबर उलट असतो. रेल्वेच्या दृष्टीने हे दोन भिन्न दिशांचे प्रवास आहेत. लोकांनी मात्र ते दोन शब्द एकत्र करून एक पुरा दिवसच त्यात बसविला आहे.

पासाचे गणित

नित्य प्रवाशाचा आधार म्हणजे मासिक पास. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारणतः पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी असते. महिन्यात पंचवीस दिवस ये-जा करणारा मनुष्य पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे पन्नास फेऱ्यांसाठी तो सुमारे पंधरा फेऱ्यांचे मोल देतो. त्रैमासिक पास मासिक पासाच्या २.७ पट किमतीला मिळतो. हा पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी दिला जातो. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत, घर ते शिक्षणसंस्था या अंतरासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद आहे. ज्या गावात माध्यमिक शाळेपुढे सोय नाही, तेथील मुलीचे शिक्षण चालू राहणे वा थांबणे पुष्कळदा याच कागदावर अवलंबून असते.

पासाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तो एका व्यक्तीचाच असतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ओळखपत्राशिवाय ग्राह्य धरला जात नाही. अतिजलद गाड्यांसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. आरक्षित डब्यात पासधारकास, रेल्वेने तशी मुभा जाहीर केलेले डबे सोडल्यास, बसता येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीच्या आरक्षित डब्यात पासधारक शिरला की रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाशी त्याचा खटका उडतो. दोघांचीही बाजू त्यांच्या परीने खरी असते. हा वाद माणसांचा कमी आणि अनारक्षित डब्यांच्या अपुऱ्या संख्येचा अधिक आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. परंतु पॅसेंजर गाड्या विशेष वा एक्स्प्रेस या नावाने धावू लागल्याने किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गाड्यांना पुन्हा साधारण भाडे लागू करण्यात आले. मधल्या काळात शिरसोली वा म्हसावदहून भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या स्त्रीला वीस रुपयांचा फरक किती जड होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गाडी मध्येच का थांबते?

नित्य प्रवाशाची सर्वांत मोठी तक्रार वेळेची असते. स्थानक दृष्टिपथात आलेले असताना गाडी उभी राहते, शेजारच्या रुळावरून एक एक्स्प्रेस निघून जाते, आणि कचेरीतील हजेरीची वेळ टळते. यामागील कारण लोहमार्गाच्या क्षमतेत आहे.

दुहेरी मार्ग म्हणजे जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक रूळ. मुंबईहून उत्तर भारत, विदर्भ, ओडिशा आणि बंगालकडे जाणाऱ्या अनेक गाड्या मनमाड-जळगाव-भुसावळ हाच पट्टा वापरतात. कोळसा, सिमेंट, धान्य व इंधन वाहणाऱ्या मालगाड्याही त्याच रुळावर असतात. सर्व गाड्यांचा वेग सारखा असता, तर एकीमागून एक अशा कितीतरी गाड्या सोडता आल्या असत्या. परंतु जलद गाडी न थांबता पळते, पॅसेंजर गाडी प्रत्येक स्थानकावर उभी राहते, आणि मालगाडीला वेग घेण्यासच वेळ लागतो. मागून येणारी जलद गाडी पुढच्या मंद गाडीला गाठते. रुळावर बाजू देण्याची सोय नसते; म्हणून मंद गाडीला एखाद्या स्थानकाच्या बाजूच्या रुळावर, म्हणजे 'लूप'वर, घ्यावे लागते. जलद गाडी पुढे गेली आणि तिच्या मागचा टप्पा मोकळा झाला, की मगच मंद गाडीला सिग्नल मिळतो.

जंक्शनवर यात आणखी एक गुंता असतो. सुरतकडून येणारी गाडी भुसावळकडे नेताना तिला काही ठिकाणी दुसऱ्या मार्गाचे रूळ ओलांडावे लागतात. तेवढा वेळ त्या रुळावरील वाहतूक रोखणे क्रमप्राप्त असते. एका गाडीसाठी मार्ग ठरविला गेला, की त्याला छेद देणाऱ्या कोणत्याही मार्गाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, अशी इंटरलॉकिंगची यंत्रणा असते. मनुष्याकडून चूक झाली तरी यंत्र ती चूक घडू देत नाही, हे तिचे तत्त्व आहे. प्रवाशाला खटकणारा तो थांबा पुष्कळदा त्याच्याच जीविताचे रक्षण करीत असतो. तथापि, रोजचा थांबा हा सुरक्षिततेचा नव्हे, तर रुळांच्या कमतरतेचा परिणाम आहे, हेही तितकेच खरे.

जपानने काय केले?

नित्य प्रवाशांच्या स्थानकांचा विचार करताना जपानचे उदाहरण बोधप्रद ठरते. जपानमधील पहिला लोहमार्ग १४ ऑक्टोबर १८७२ रोजी शिंबाशी ते योकोहामा असा औपचारिकरीत्या खुला झाला. त्याची लांबी सुमारे २९ किलोमीटर होती. म्हणजे जळगाव-भुसावळ अंतराहून किंचित अधिक. त्या वेळी खानदेशातून गाड्या धावू लागून काही वर्षे लोटली होती.

टोकियोतील शिंजुकू स्थानक १८८५ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते शहराबाहेरील एक साधे स्थानक होते. आज ते जगातील सर्वाधिक वर्दळीचे स्थानक मानले जाते. महासाथीपूर्वी तेथून दररोज सुमारे ३५ लाख प्रवाशांची ये-जा होत असे. तेथे अनेक रेल्वे कंपन्यांचे मार्ग एकत्र येतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा दोनशेहून अधिक आहेत. एवढी गर्दी सुरळीत चालण्यास प्रवाशांची शिस्त कारणीभूत आहेच. गाडीचे दार कोठे येणार याची खूण फलाटावर असते आणि प्रवासी तेथे रांगेत उभे राहतात. परंतु शिस्तीइतकेच महत्त्व रुळांच्या रचनेला आहे. शिंजुकूवरून जाणाऱ्या चुओ मार्गावर जलद आणि प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र रूळ आहेत. मंद गाडीला जलद गाडीची वाट पाहावी लागत नाही. मुंबईत कल्याणपर्यंत हेच तत्त्व धीम्या व जलद मार्गांच्या रूपाने अनुभवास येते.

जपानमध्येही एक, तीन व सहा महिन्यांचे पास असतात आणि नोकरदाराच्या पासाचा खर्च बहुधा त्याचा मालकच देतो. कामगाराचे घर ते कारखाना हे अंतर हा केवळ कामगाराचा खाजगी प्रश्न नाही, हा विचार त्यामागे आहे.

जळगावची तुलना शिंजुकूशी होऊ शकत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. मात्र वेगवेगळ्या वेगाच्या गाड्यांना वेगवेगळे रूळ हवेत, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

वाढते मार्ग

या दिशेने खानदेशात बरेच काम झाले आहे व चालू आहे. जळगाव-भुसावळ या सर्वाधिक भाराच्या टप्प्यात तिसरा व चौथा मार्ग टाकण्यात आला. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे झालेल्या कार्यक्रमात उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण राष्ट्रार्पण करण्यात आले, आणि जळगाव-मनमाड तिसऱ्या मार्गाची तसेच धुळे-नरडाणा नव्या मार्गाची पायाभरणी झाली. उधना-पाळधी मेमू आणि भुसावळ-वांद्रे खानदेश एक्स्प्रेस या गाड्याही त्याच दिवशी सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १६० किलोमीटर लांबीच्या जळगाव-मनमाड चौथ्या मार्गास आणि १३१ किलोमीटर लांबीच्या भुसावळ-खंडवा तिसऱ्या व चौथ्या मार्गास मंजुरी दिली. त्यापूर्वी, सप्टेंबर २०२४ मध्ये, धुळे जिल्ह्यातून जाणाऱ्या ३०९ किलोमीटर लांबीच्या मनमाड-इंदूर नव्या मार्गास मान्यता मिळाली. त्याचा अंदाजित खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये आहे.

धुळेकरांच्या दृष्टीने या नव्या मार्गाचे मोल विशेष आहे. चाळीसगाव-धुळे हा ५६ किलोमीटरचा फाटा १९०० मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून धुळे हे रेल्वेच्या नकाशावर शेवटचे स्थानक राहिले. धुळ्याहून जळगावला रेल्वेने यायचे तर चाळीसगावचा वळसा पडतो. म्हणून या दोन शहरांतील ये-जा मुख्यतः एस.टी.नेच होते. धुळे-नरडाणा मार्ग पूर्ण झाला, की धुळे ताप्ती खोऱ्यातील मार्गाला जोडले जाईल आणि जळगावकडे येण्याची दुसरी वाट खुली होईल. धुळे स्थानकाचा पुनर्विकास होऊन अमृत भारत योजनेखाली मे २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

नव्या रुळांचा लाभ नित्य प्रवाशाला आपोआप मिळेल, असे मात्र नव्हे. मोकळी झालेली क्षमता मालगाड्यांना व लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही हवीच असते. सकाळ-सायंकाळच्या वेळी थोड्या अंतराच्या मेमू गाड्यांना त्यात निश्चित स्थान मिळाले, तरच पाचोरा, चाळीसगाव व अमळनेरच्या प्रवाशाचा दिवस नियमित होईल. वेग लवकर घेणारी व लवकर थांबणारी मेमू गाडी यासाठी सोयीची असते. इगतपुरी-भुसावळ मेमू २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून वाटेतील लहान स्थानकांना तिचा आधार झाला आहे.

थांबलेली 'पीजे'

या चित्राला एक उणी बाजूही आहे. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद मापाची गाडी लोकांच्या तोंडी 'पीजे' या नावाने रुळली होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली ही गाडी १०० वर्षे खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांना, शेतकऱ्यांना व बाजारकरूंना पाचोऱ्याच्या मुख्य मार्गापर्यंत आणून सोडीत असे. २०२० मध्ये ती थांबली. रुंद मापात रूपांतर करून हा मार्ग बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो पूर्ण होईपर्यंत जामनेर तालुक्यातील प्रवाशाला रस्त्याचाच आधार आहे. मोठ्या स्थानकाचे वैभव त्याला येऊन मिळणाऱ्या लहान गाड्यांवर उभे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सुरक्षितता : दोन्ही बाजूंची जबाबदारी

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ, माहेजी व परधाडे या स्थानकांदरम्यान, घडलेली दुर्घटना खानदेश विसरू शकत नाही. मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. त्याच वेळी त्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा बळी गेला. आग लागलेलीच नव्हती.

या घटनेपासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्या भागात दोनचे चार रूळ होत आहेत, तेथे खाली उतरलेल्या माणसापुढील धोकाही वाढत आहे. रूळ मोकळा दिसला तरी तो मोकळा असेलच असे नाही. जलद गाडी दिसल्यापासून जवळ येईपर्यंत फारच थोडे क्षण मिळतात. संकट खरे असले तरी शक्यतो रूळ नसलेल्या बाजूनेच उतरावे, आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सूचनेची वाट पाहावी. सकाळच्या घाईत पादचारी पूल टाळून रूळ ओलांडणे, दारात लोंबकळणे, सुटलेली गाडी पळत पकडणे, या सवयी नित्य प्रवाशांतच अधिक आढळतात, कारण परिचयाने भय उरत नाही. दुसऱ्या बाजूने, फलाटांना जोडणारे रुंद पूल, सरकते जिने, पुरेसे अनारक्षित डबे आणि वेळेवर दिली जाणारी उद्घोषणा या सोयी उपलब्ध असतील, तरच शिस्तीची अपेक्षा करणे न्याय्य ठरते.

गावाला जोडणारे स्थानक

रेल्वेने जळगाव घडविले, तशी तिने शहराची दोन भागांत विभागणीही केली. शिवाजीनगर आणि पिंप्राळा या भागांतील रहिवाशांना रूळ ओलांडणे हा रोजचा प्रश्न राहिला, आणि उड्डाणपुलांच्या कामांनी तो काही अंशी सुटला. स्थानकाचा विचार केवळ फलाटापुरता न राहता एस.टी. स्थानक, रिक्षाथांबा, सायकली ठेवण्याची जागा व पायी येणाऱ्यांची वाट यांसह व्हावयास हवा. वीस मिनिटांचा रेल्वे प्रवास करून आलेल्या प्रवाशाला पुढील दोन किलोमीटरसाठी अर्धा तास लागत असेल, तर जलद गाडीचा लाभ वाटेतच संपतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करावी आणि आपल्या गावातील घर, शेती व वृद्ध आईवडील सोडू नयेत, ही सोय नित्याच्या गाडीने अनेक कुटुंबांना दिली आहे. ती गाडी वेळेवर धावली, तर गाव टिकते. ती बेभरवशाची झाली, तर माणूस शहरात खोली शोधू लागतो आणि गावातील एक घर बंद होते. जळगाव जंक्शनवरील नव्या रुळांची आणि नव्या इमारतीची खरी कसोटी शेवटी हीच राहील : भुसावळ, पाचोरा, धरणगाव वा अमळनेरहून सकाळी निघालेला मनुष्य वेळेवर कामावर पोहोचतो काय, आणि दिवेलागणीला सुखरूप घरी परततो काय.